ड्रुसिलाचं उत्तर

रेडिओवर ती घोषणा झाली तेव्हा अर्डिथचे दोन्ही हात पिठात होते, म्हणून तिला ती ऐकावी लागली. एरवी समुद्रावरच्या हवामानाचा अंदाज संपला की ती रेडिओ बंद करायची. शेवंडांचा हंगाम कधीच उरकला होता आणि नवऱ्याची बोट ताडपत्रीखाली घराशेजारी विसावली होती. तरी वाऱ्याचा वेग आणि लाटांची उंची ऐकल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"बोट अंगणात आहे, अर्डिथ," एव्हरेट म्हणायचा. "अंगणात बुडायची म्हणजे फारच मोठी लाट पाहिजे."

"दुसऱ्यांच्या बोटी असतात ना," ती म्हणायची.

घोषणा अशी होती: या हिवाळ्यात रोज सकाळी 'दीपगृहातली ड्रुसिला' ही कादंबरी रेडिओवरून वाचली जाणार. वाचणारी व्यक्ती बेटावरचीच हवी. आवाजाची परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस, चर्चच्या हॉलमध्ये. केझाया आत्या ड्रुसिलाला शेवटचा प्रश्न विचारते, तेवढा उतारा प्रत्येकाने वाचून दाखवायचा.

अर्डिथने पिठाचा गोळा उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि मळत राहिली. ब्रेडला जेवढं मळायला हवं त्याच्या दुप्पट मळत राहिली. त्या दिवशीचा ब्रेड वीट होऊन बाहेर आला.

"आज काय झालंय ब्रेडला?" तिची मुलगी कोरीन म्हणाली.

"पीठ वेगळं होतं," अर्डिथ म्हणाली.

खरी गोष्ट ही की तिला ते वाचन हवं होतं. इतकं हवं होतं की तोंडातून काढायची भीती वाटत होती. मोठ्यांदा म्हटलं की नजर लागेल, असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं.

बेटावर ड्रुसिला ठाऊक नसलेलं माणूस सापडायचं नाही. ज्या घरात बायबलखेरीज दुसरं पुस्तक नसे, तिथेही ड्रुसिला असे, आणि पानं बायबलपेक्षा तिचीच जास्त मळलेली असत. बोटींना तिचं नाव होतं, गाईंना होतं, आणि एका बाप्यालाही होतं. त्याची आई गरोदरपणात पुस्तक वाचत होती आणि तिला मुलगीच होणार अशी खात्री होती. तो बिचारा ड्रू म्हणून जगला.

अर्डिथने ती कादंबरी पहिल्यांदा वाचली ती बटाटे काढायच्या सुट्टीत. शाळा बंद, सगळी पोरं शेतात, पाठ वाकलेली, नखांत लाल माती. दुपारी बाप ट्रॅक्टर थांबवून चहा प्यायचा तेवढ्या वेळात ती पोत्यांच्या मागे बसून दोन पानं वाचायची. आईबापांविना वाढलेली, हट्टी, लांब पायांची मुलगी. दीपगृहात एकटी राहणारी तिखट आत्या. दिवा, वादळं, चोरून नेलेली होडी. शेवटी आत्या विचारते, राहशील का? आणि मग शेवटचं प्रकरण, सात वर्षांनंतरचं, त्यात ड्रुसिला स्वतःच दिवा लावते आहे. पोत्यांमागे बसून रडताना मातीचे हात डोळ्यांना लागले आणि डोळे आठवडाभर सुजले. आईला वाटलं गोवर आला.

पुढे ती शार्लटटाउनला मास्तरकीच्या कॉलेजात गेली. तिथे उच्चार शिकवायला मिस प्रिंगल होत्या. जबड्यात बूच धरून कविता म्हणायला लावायच्या. "मुलींनो, शब्द बाहेर जायला हवेत. आत ओढून गिळायचे नाहीत. आपण मासे नाही." खेड्यातून आलेल्या पोरींचं खेडं त्यांनी दोन वर्षांत घासून पुसून काढलं. अर्डिथचा आवाज सर्वांत चांगला निघाला: स्वच्छ, गोल, पार मागच्या बाकापर्यंत पोचणारा. तिथेच तिने ड्रुसिलावर निबंध लिहिला. लेखिकेने नायिकेला प्रश्न विचारला पण उत्तर द्यायला जागाच ठेवली नाही, जुन्या काळी मुलींचं आयुष्य असंच परस्पर ठरायचं, असा त्याचा सूर होता. निबंधाला वर्गात पहिला नंबर मिळाला. ड्रुसिला मात्र त्यानंतर जरा परकी झाली. शाळेतली जिवलग मैत्रीण मोठेपणी भेटावी आणि बोलायला काही सापडू नये, तसं.

मग लग्न, मग एका खोलीची शाळा, मग कोरीन. कोरीनला जन्मापासून दमा. आणि इथे अर्डिथची काळजी, जी आधी हौसेची होती, ती नोकरी झाली. पोरीच्या श्वासावर कान ठेवून जगायचं. श्वास आत जाताना कुठे अडतो, कुठे शिट्टी वाजते, हे ओळखायचं. आजारपणात वाफेच्या किटलीशेजारी पोरीला मांडीवर घेऊन ती ड्रुसिला वाचायची, कारण हळू आवाजात सलग वाचत राहिलं की पोरीचा श्वास त्या लयीवर येत असे. एकखोली शाळा बंद झाली आणि मुलं बसने लांब जाऊ लागली, तेव्हा अर्डिथ तालुक्याच्या शाळेत गेली नाही. पोरगी घरी आजारी असताना आपण दहा मैलांवर? ती शेवंडांच्या कारखान्यात लागली. तो घरापासून हाकेच्या अंतरावर होता.

कारखान्यात लांब टेबलाशी बायका शेवंडांचं मांस सोलून डब्यात भरायच्या. तिथे अर्डिथचा आवाज पुन्हा उपयोगाला आला. हात चालू ठेवून ती ड्रुसिला सांगायची, जवळजवळ शब्दशः. विनी गॅलंट तिच्या समोर बसायची. विनीने आयुष्यात एकही पुस्तक पुरं वाचलं नव्हतं, पण ड्रुसिलाच्या बाबतीत तिची मतं पक्की होती.

"अगं, त्या आत्याला अजून कुणी दर्यात ढकललं कसं नाही?"

"विनी, ती शेवटी चांगली निघते."

"शेवटी काय, सगळेच चांगले निघतात. माझा सासरा निघाला. तोवर आपण म्हातारे होतो."

होडी चोरल्याच्या संशयावरून पाद्री ड्रुसिलाला सगळ्या चर्चसमोर उभं करतात आणि तिचं काही न ऐकता शिक्षा ठोठावतात, या प्रकरणाला विनी हमखास रडायची. रबरी हातमोज्यांनी डोळे पुसता येत नाहीत, म्हणून खांद्याने पुसायची. "पोरीला बोलू तरी द्यायचं होतं मेल्याने!" दर वर्षी ती हेच म्हणायची.

तर घोषणेनंतर चार दिवसांनी विनी मागच्या दाराने आली, न विचारता खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मग नाव दिलंस का?"

"कशाचं?"

"अर्डिथ, तुला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात तुझे."

"रस्ते निसरडे असतील तेव्हा. शिवाय शार्लटटाउनच्या नाटकवाल्या बाया येतील. मिसेस डेल्फिन स्टेड येणार आहेत म्हणे."

"त्यांनी शेवंडं सोलताना वाचलंय का कधी? दे नाव. नाहीतर मी तुझ्या नावाने फोन करते आणि तुझा आवाज काढते. मग बघ बेटाची काय शोभा होते ती."

अर्डिथने नाव दिलं, 'अर्डिथ बीटन'. सगळ्यात शेवटी दिलं, म्हणून यादीतही ती शेवटी लागली.

मग तिने कपाटातून पुस्तक काढलं. कित्येक वर्षांत तिने ते हातात घेऊन असं वाचलं नव्हतं. पाठ होतं, म्हणून उघडायची गरज पडली नव्हती. आता स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून तिने पहिल्यापासून सुरुवात केली. कोरीन समोर बसून बटाटे सोलत होती. वय सोळा, जीभ धारदार. दमा आता आटोक्यात होता, पण ती जिना चढून आली तरी अर्डिथचे कान टवकारत.

वाचन काही जमेना. सूर्यास्तांची वर्णनं संपता संपत नव्हती. पाद्री उपदेश करत होते. पोत्यांमागची ती धडधड कुठेच नव्हती. आणि मग तो उतारा आला, परीक्षेचा.

"'आजवर मी तुला जा म्हणत आले,' केझाया आत्या म्हणाली. 'आज विचारते. राहशील? माझ्यामागे हा दिवा सांभाळशील?' ड्रुसिलाने श्वास आत घेतला. बाहेर भरतीचं पाणी चढत होतं."

अर्डिथ थांबली. प्रकरण तिथेच संपत होतं.

"मग?" कोरीन म्हणाली.

"मग सात वर्षांनंतर."

"म्हणजे उत्तर दिलंच नाही? घाबरून नुसता श्वास घेतला, आणि सात वर्षांनी बघावं तर बाई तिथेच! आई, ही तर गाय आहे. दावणीला बांधली, राहिली."

हेच तर निबंधात होतं. शब्द वेगळे, एवढंच. अर्डिथला आपलंच बोलणं पोरीच्या तोंडून परत आल्यासारखं झालं, आणि ते तिला आवडलं नाही.

"तेव्हा दिवस वेगळे होते," ती म्हणाली.

"दिवस वेगळे असले म्हणून काय झालं? 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? तू हे रेडिओवर वाचणार, आणि बेटावरच्या पोरींनी ऐकायचं की शहाणी मुलगी ती, जी काही बोलत नाही?"

अर्डिथने पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी वाचलं, तिसऱ्या दिवशी वाचलं. आवाज स्वच्छ होता, गोल होता, पण आत काही नव्हतं. त्या वाक्याशी आली की तिला कोरीनचा अडकलेला श्वासच ऐकू यायचा. ती वाक्य घाबरून वाचायची. भित्र्या मुलीची भित्री गोष्ट. हे कुणाला कशाला ऐकवायचं? शुक्रवारी ती एव्हरेटला म्हणाली, "मी नाव काढून घेते."

एव्हरेट खिडकीशी बसून सापळ्याची जाळी विणत होता. मान वर न करता म्हणाला, "का?"

"मला ते पुस्तक आवडेनासं झालंय. आणि जे आवडत नाही ते मला वाचता येत नाही."

"कुठलं आवडत नाही?"

तिने वाचून दाखवलं. आत्याचा प्रश्न, श्वास, भरती. एव्हरेटने गाठ मारली, ओढून बघितली.

"चांगलं आहे की."

"बाबा," कोरीन म्हणाली, "तिने उत्तर काय दिलं सांग बघू."

"हो म्हणाली."

"कुठे म्हणाली?"

"आत्ता आईने वाचलं ना."

"आईने वाचलं, श्वास आत घेतला!"

"मग तेच. हो म्हणाली."

कोरीनने आईकडे पाहिलं. आईने एव्हरेटकडे पाहिलं.

"एव्हरेट," अर्डिथ सावकाश म्हणाली, "चहा हवा तुला?"

एव्हरेटने, लग्न झाल्यापासून रोज करत आला होता तसंच, गरम घोट भुरकावा तसा सुर्रकन श्वास आत ओढला, आणि त्या ओढीतच ते पुसट 'हो' उमटलं. ओठही नीट उघडले नाहीत. त्याचा बाप असंच हो म्हणायचा. त्याची आई, धक्क्यावरचे सगळे कोळी, विनी, दुकानदार, पाद्रीसुद्धा. प्रार्थनेच्या मध्ये कुणी "खरं आहे ना, बंधूंनो?" विचारलं की सबंध चर्च एकदम श्वास आत ओढायचं. अर्डिथने त्या आवाजावर आजवर हजारो कप चहा ओतला होता. कानांत तो इतका बसला होता की तो आवाज आहे हेच ती विसरली होती.

ती खुर्चीत बसली.

"मी पण असंच म्हणायचे," ती म्हणाली. "लहानपणी. मिस प्रिंगलनी मोडलं ते. म्हणायच्या, शब्द बाहेर जायला हवेत."

"मोडलं तर!" एव्हरेट आता हसायला लागला. "कोरीन, तुला माहीत नाही. मी हिला लग्नाचं विचारलं, ही नुकती कॉलेजातून आलेली. ताठ उभी राहून तोंड भरून म्हणाली, 'होय, एव्हरेट.' मला वाटलं, मेलो. हिच्या मनात नक्की शंका आहे, नाहीतर एवढं जोरात कोण बोलतं? आठवडाभर मला घास गेला नाही. शेवटी माझ्या आईने तुझ्या आजीला जाऊन विचारलं, पोरीला खरंच करायचंय ना?"

"मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू विचारलं नाहीस."

कोरीनने तोवर पुस्तक ओढून घेतलं होतं. ती मागची पानं भराभर उलटत होती. "आई, हे बघ. वादळाच्या रात्री. आत्या म्हणते, 'वर जाशील? शिडी हलतेय.' ड्रुसिलाने श्वास आत घेतला. आणि पुढच्या ओळीला ती शिडीवर आहे!"

"मी ते नेहमी थरथरत वाचायचे," अर्डिथ म्हणाली.

"थरथरत कुठली! ती म्हणाली, हो, जाते. आणि गेली." कोरीनने आणखी पानं उलटली. "इथे पुन्हा. शाळेत मास्तर विचारतात, गणित तू एकटीने सोडवलंस? श्वास. इथे पण. आई गं, ही पोरगी पुस्तकभर हो म्हणत सुटलीय!"

दोघी टेबलावर डोकी एकत्र करून शोधू लागल्या. बटाटे तसेच राहिले. आणि मग होडीच्या चोरीचं प्रकरण आलं. अर्डिथने ते स्वतः वाचलं, बोट ओळीवर ठेवून, पहिलीतल्या मुलासारखं. "'होडी तू नेलीस?' पाद्रींनी विचारलं. ड्रुसिलाने श्वास आत घेतला. चर्चमध्ये कुणी हललं नाही."

"कबूल झाली होती," अर्डिथ पुटपुटली. "सगळ्यांसमोर उभी राहून, पहिल्याच प्रश्नाला. पाद्रींनी ऐकून घेतलं, आणि मगच शिक्षा दिली."

"विनी मावशीला सांगू नको," कोरीन म्हणाली. "तिचे सगळे अश्रू फुकट जातील."

अर्डिथ हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. पोत्यांमागे बसलेल्या मुलीला हे कळलं होतं. तेव्हा तिला कुणी मासा म्हटलं नव्हतं आणि कुणाच्या श्वासाची धास्ती तिने घेतली नव्हती. हो म्हणजे हो, म्हणून ती तेव्हा रडली होती. ड्रुसिला बापडी नव्हतीच. जे समोर आलं त्याला ती लगेच, मनापासून, होय म्हणत गेली होती, आणि लेखिकेला ते समजावून सांगायची गरज वाटली नव्हती, कारण तीही इथलीच.

"मग?" एव्हरेटने जाळी विणताविणता विचारलं. "नाव काढून घेणार?"

"नाही," अर्डिथ म्हणाली. हे मात्र स्वच्छ आणि गोल.

परीक्षेच्या दिवशी रस्त्यावर खरोखरच बर्फ होतं. अर्डिथने घोंगडं, फावडं, चहाचा थर्मास आणि कोरीनची औषधं असं सगळं गाडीत भरलं.  हॉलमध्ये अर्ध्या तालुक्याची माणसं जमली होती. परीक्षा ऐकायला येऊ नका असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि चर्चच्या बायकांनी चहाचं मोठं भांडं आणि ओटची बिस्किटं मांडली होती. रंगमंचाच्या कडेला पलीकडे मुख्य भूमीवरच्या विनिपेगहून आलेले रेडिओचे साहेब बसले होते. नाव ओरेस्ट. लांब दाढी, कानांवर हेडफोन, समोर फिती फिरवणारं यंत्र. बेटावर येऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते आणि ते कायम कुणाची तरी माफी मागितल्यासारखे दिसत.

एकेक जण माइकपाशी जाऊन उतारा वाचत होता. मिसेस डेल्फिन स्टेड यांनी फार सुंदर वाचलं. आत्याचा आवाज म्हातारा केला, ड्रुसिलाचा कोवळा, आणि "श्वास आत घेतला" म्हणताना छातीवर हात ठेवून त्या अशा शहारल्या की मागच्या बाकावरच्या बाईने शाल ओढून घेतली. टाळ्या पडल्या. ओरेस्टसाहेबांनी काहीतरी लिहून घेतलं.

"झालं," अर्डिथ कुजबुजली. "मी जाऊन काय करू?"

"जाऊन हो म्हण," कोरीन म्हणाली आणि तिला कोपराने ढकललं.

अर्डिथ माइकपाशी उभी राहिली. पुस्तक उघडलं, पण पाहिलं नाही. आत्या बोलली. "राहशील? माझ्यामागे हा दिवा सांभाळशील?" तिथे तिने आवाज तोडला नाही. तिने सुर्रकन श्वास आत ओढला, आणि तो ओढताना, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, ते पुसट हो तिच्या ओठांवर आलं. मग साध्या आवाजात: "ड्रुसिलाने श्वास आत घेतला. बाहेर भरतीचं पाणी चढत होतं."

हॉलमध्ये कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. मग मागून विनीचा आवाज आला, "अरे देवा! ती हो म्हणाली!"

एकदम गलबला झाला. "म्हणाली म्हणजे? म्हणालीच होती." "मला वाटायचं, तिला राहायला लावलं." "माझी आई असंच वाचायची, मला आता आठवतंय."

ओरेस्टसाहेबांनी हात वर केला. "माफ करा, माफ करा. मिसेस बीटन, फार छान. फक्त एका ठिकाणी माइकवर वारा आलाय. प्रश्नानंतर. तेवढं पुन्हा घेऊ या, तो श्वास वगळून."

अर्डिथने बोट त्या पानावरच ठेवलं. आयुष्यभर कुणी "पुन्हा घेऊ या" म्हटलं की ती पुन्हा घेत आली होती. साहेब भले होते, आवाज त्यांना आवडला होता, हे तिला दिसत होतं. तो श्वास वगळला तर हे काम बहुधा तिचंच होतं. हिवाळाभर, रोज सकाळी, सबंध बेटाला.

"नाही," ती म्हणाली. "तो वारा नाही. ते तिचं उत्तर आहे."

"कुणाचं?"

"ड्रुसिलाचं. ते काढलं तर गोष्टच राहत नाही. मग तुम्ही दुसऱ्या कुणाला घ्या."

साहेबांनी हेडफोन काढला. "मला कळलं नाही. श्वास म्हणजे उत्तर?"

 मिस प्रिंगलच्या वर्गात याला शब्द नव्हता. मग अर्डिथ म्हणाली, "तुम्ही हॉलला काहीतरी विचारा. ज्याचं उत्तर हो असेल असं."

ओरेस्टसाहेब गोंधळून उभे राहिले. समोरच्या बाकांकडे पाहिलं. "बरं. तुम्हाला... तुम्हाला हा उतारा पुन्हा ऐकायचाय का?"

आणि सबंध हॉलने, बायका, बाप्ये, मागे भिंतीला टेकलेले कोळी, चहाच्या भांड्यापाशी उभे असलेले पाद्री, सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढला.

यंत्रावरची सुई उडी मारून पार टोकाला जाऊन आदळली.

साहेब सुईकडे बघत राहिले. मग खाली बसले. मग त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते. "म्हणजे," ते म्हणाले, "मी आल्यापासून ज्याला काही विचारलं तो दचकला, असं मला वाटत होतं. खानावळीतल्या बाईंना रोज विचारतो, अंडी आहेत का. त्या अशा दचकतात की मी म्हणतो, राहू दे, लापशी आणा. रोज लापशी खातोय मी!"

"मी रोज दोन अंडी उकडून ठेवते आणि हे लापशी मागतात!" खानावळवाली बाई मागून ओरडली. "मला वाटलं, पलीकडच्या लोकांची तऱ्हाच असेल!"

हॉलमध्ये हशा उसळला. मिसेस डेल्फिन स्टेडसुद्धा डोळे पुसत होत्या. त्या उठून अर्डिथपाशी आल्या. "माझी आजी दीपगृहाच्या वाडीची," त्या म्हणाल्या. "तिला विचारलं, आजी, मी नाटकात काम करू का, तर तिने नुसता श्वास घेतला. मी आजवर सगळ्यांना सांगत आले की आजीला धक्का बसला होता." त्यांनी अर्डिथचा हात दाबला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

ओरेस्टसाहेबांनी फीत मागे नेली, हेडफोन लावला, तो उतारा डोळे मिटून पुन्हा ऐकला. मग पुन्हा एकदा. "असे श्वास पुस्तकात आणखी आहेत?"

"भरपूर," कोरीन बाकावरूनच म्हणाली. "आम्ही शोधलेत."

"मग हिवाळाभर तुम्हीच वाचायचं, मिसेस बीटन. दुसऱ्या कुणाला हे येणार नाही, आणि मला शिकवताही येणार नाही."

"एक अट आहे," अर्डिथ म्हणाली. आपण अट घालतो आहोत याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. "एकही श्वास कापायचा नाही. पलीकडच्या कुणी तक्रार केली, वाचणाऱ्या बाईंना दम लागतो म्हणून, तरी नाही."

साहेबांनी बेटाच्या पद्धतीने उत्तर द्यायचा प्रयत्न केला, श्वास चुकीच्या जागी गेला, आणि त्यांना असा ठसका लागला की पाद्रींना पाठीवर थोपटावं लागलं. ते हो समजून घेण्यात आलं.

माणसं उठायला लागली होती, कोटांची बटणं लावत होती. विनीने आपला कोट काढून पुन्हा खुर्चीवर टाकला.

"कुठे चाललात सगळे?" ती म्हणाली. "अर्डिथ, तो होडीचा भाग आता वेगळा लागणार म्हणतात. मला ऐकायचंय. पहिल्यापासून सुरू कर, मधून नको."

"आता? विनी, रस्त्यावर बर्फ..."

"बर्फ उद्याही असेल. सुरू कर गं."

कोट पुन्हा उतरले. बाकं पुढे सरकली. कुणीतरी चहाचं भांडं पुन्हा शेगडीवर ठेवलं. मिसेस डेल्फिन स्टेड पहिल्या रांगेत, एव्हरेटच्या शेजारी, गळ्याचा लोकरी मफलर सैल करून बसल्या. ओरेस्टसाहेबांनी कुणाला न विचारता नवी फीत चढवली आणि बोटाने खूण केली.

अर्डिथने पान उघडलं. समोर सगळी ओळखीची तोंडं होती आणि सगळी वाट बघत होती. तिने घसा साफ केला नाही.

"'ज्या दिवशी ड्रुसिला टेट होडीतून बेटावर उतरली,'" तिने वाचायला सुरुवात केली, "'त्या दिवशी दिव्याचं तेल संपलं होतं, कोंबड्यांनी अंडी दिली नव्हती, आणि केझाया आत्याला कुणावर तरी चिडायची तातडीची गरज होती.'"

हॉलभर खसखस पिकली. ती थांबली, ती ओसरू दिली, आणि पुढे वाचू लागली.